घरच्या वाफ्यातला लसूण: जातीची निवड, लागवड आणि काढणी

लसणाचे बी पेरता येत नाही. ज्वारीसारखे दाणे टाकावेत किंवा कांद्यासारखे रोप तयार करून लावावे, अशी सोय या पिकात नसल्याने आपण फोडणीसाठी जी पाकळी सोलतो तीच जमिनीत टोकावी लागते. त्यामुळे उगवणारे प्रत्येक रोप ज्या गड्ड्यातून पाकळी काढली त्याचीच पुढची आवृत्ती असते, आणि किती थंडी लागते, दिवस किती तासांचा झाल्यावर गड्डा धरायचा, किती दिवसांत पिकायचे, या त्या गड्ड्याच्या साऱ्या सवयी तिच्याबरोबर आपल्या वाफ्यात येतात. घरच्या बागेत लसूण फसला की लोक खताला किंवा पाण्याला दोष देतात. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा दोष बेण्याचा असतो, आणि तो लावणीच्या दिवशीच ठरून गेलेला असतो.

जात निवडताना काय पाहावे

लसणाचे रोप आधी पात वाढवते आणि पुरेशी थंडी अंगावर घेतल्यावर, दिवस त्या जातीला हवा तितका लांब झाला की, बुडाशी गड्डा धरू लागते. पुण्याच्या आसपास डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये तो सुमारे १३ तासांपर्यंत जातो. आपल्या मैदानी भागातल्या जाती कमी तासांच्या दिवसांत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, गड्डा धरणाऱ्या आहेत. हिमाचल प्रदेश, काश्मीर आणि उत्तराखंड यांच्या डोंगराळ भागातल्या मोठ्या पाकळीच्या जातींना मात्र कडक थंडी आणि त्यानंतर लांब दिवस असा दोन्हींचा क्रम हवा असतो. त्यांना हवा तितका लांब दिवस आपल्याकडे उगवेपर्यंत एप्रिल-मेचा उन्हाळा पात करपवून टाकतो आणि त्यामागोमाग पाऊस येतो.

बाजारात मोठ्या पाकळीच्या लसणाला तो कुठूनही आलेला असला तरी अनेकदा ‘उटी’ म्हणून विकले जाते. सोलायला सोपा म्हणून तो स्वयंपाकघरात हवाहवासा वाटतो, आणि त्याच मोहाने मी एका वर्षी त्याच्या पाकळ्या अर्ध्या वाफ्यात लावल्या होत्या. मार्चपर्यंत गुडघ्याएवढी हिरवीगार पात झाली, पण उपटून पाहिले तर बुडाशी पातीच्या कांद्यासारखी पांढरी नळी तेवढी होती, पाकळीचा पत्ता नव्हता. चटणीला पात भरपूर मिळाली, एवढाच काय तो लाभ.

महाराष्ट्रात घरच्या बागेसाठी विचारात घ्याव्यात अशा जाती दोन-तीन ठिकाणांहून आल्या आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत या जाती आपल्या हवेत मुरलेल्या आहेत. गोदावरीचा गड्डा जांभळट असतो, त्यात २० ते २५ पाकळ्या असतात आणि तयार व्हायला साधारण १४० ते १४५ दिवस लागतात. श्वेता नावाप्रमाणे पांढरी असून १३० ते १३५ दिवसांत निघते. फुले बसवंतही जांभळी आणि चवीला तिखट आहे. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा पर्पल या जातीच्या गड्ड्यात १६ ते २० पाकळ्या असतात आणि ती १२० ते १३५ दिवसांत तयार होते, म्हणून जिथे थंडी लवकर सरते तिथे ती मला अधिक सोयीची वाटते. त्याच संस्थेच्या पांढऱ्या भीमा ओंकारची शिफारस मुख्यतः गुजरात, राजस्थान, हरियाणा आणि दिल्ली यांसाठी आहे. पाकळी थोडी मोठीच हवी असा आग्रह असेल तर यमुना सफेद-३, जिला बाजारात ‘जी-२८२’ म्हणून ओळखतात, लावून पाहावी; तिच्या गड्ड्यात साधारण १५-१६ पाकळ्या असतात. अ‍ॅग्रीफाउंड पार्वती ही डोंगराळ भागासाठी काढलेली जात असल्याने नाव ओळखीचे वाटले तरी आपल्याकडे तिच्या नादी लागू नये.

यांखेरीज गावोगावी पाटाच्या कडेला किंवा कांद्याच्या वाफ्याच्या वरंब्यावर पिढ्यान्‌पिढ्या टोकला जाणारा गावठी लसूण आहेच. त्याच्या पाकळ्या बारीक, सोलायला कटकटीच्या आणि वासाला उग्र असतात. पण तो त्या गावच्या थंडीत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकलेला असतो. जवळपासच्या शेतकऱ्याकडून असा लसूण मिळाला, तर पहिल्या वर्षी निम्मा वाफा त्याचा आणि निम्मा एखाद्या सुधारित जातीचा लावावा, म्हणजे आपल्या जागेला काय मानवते ते एका हंगामात कळते. जाती एकत्र मिसळून मात्र लावू नयेत. त्यांचे दिवस वेगवेगळे असल्याने काढणीच्या वेळी एक जात जास्त पिकून फुटू लागलेली आणि दुसरी अजून कोवळी, अशी ओढाताण होते. दोन्हींच्या मध्ये ओळभर मेथी किंवा कोथिंबीर पेरली की हद्दही कळते आणि जागाही वाया जात नाही.

‘एककळी’ लसणाविषयी बरेच कुतूहल असते, म्हणून एवढे सांगायला हवे की साधा लसूणही फार बारीक पाकळी लावल्यास किंवा फार उशिरा लावल्यास एकाच गोल कळीचा गड्डा देतो. ती कळी पुढच्या हंगामात वेळेवर लावली की तिच्यापासून नेहमीसारखा पाकळ्यांचा गड्डा होतो.

लावणीची वेळ आणि वाफ्याची तयारी

देशावर आणि मराठवाड्यात ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ही लावणीची उत्तम वेळ असते, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत फारसे बिघडत नाही. गड्डा धरण्यापूर्वी रोपाला पात वाढवायला निदान दोन महिने मिळाले पाहिजेत, कारण पुढे पाकळ्यांत जे भरले जाते ते याच पातीने कमावलेले असते. डिसेंबरात लावलेल्या लसणाला हे दोन महिने मिळत नाहीत. फेब्रुवारीत ऊन तापू लागले की रोप लहान असतानाच आवरते घेते आणि सुपारीएवढे गड्डे हाती येतात. कोकणात पाऊस ऑक्टोबरातही रेंगाळतो, म्हणून तिथे जमीन निथळल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, उंच गादीवाफ्यावर लावणी करावी. मुंबईसारख्या ठिकाणी थंडीच अपुरी पडते. तिथे लावणीपूर्वी अख्खे गड्डे, पाकळ्या न फोडता, कागदी पिशवीत घालून तीन-चार आठवडे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्यास त्यांची झोप मोडते आणि गड्डा धरायलाही मदत होते. तरीही नाशिक-निफाडकडच्या लसणाशी बरोबरी होण्याची अपेक्षा ठेवू नये.

जमीन भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. भारी काळ्या मातीत गड्डे वेडेवाकडे होतात आणि काढणीच्या वेळी माती दगडासारखी आवळून बसते. तुमची माती तशी असेल तर चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळून १५ सेंटीमीटर उंचीचा गादीवाफा करावा. दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो शेणखत पुरते, पण ते पूर्ण कुजलेले असले पाहिजे, कारण कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात आणि बेणेही सडते. मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड मिसळल्यास बरे. आदल्या हंगामात जिथे कांदा किंवा लसूण होता तो वाफा टाळावा, भुईमूग, मूग किंवा घेवडा निघालेला वाफा निवडावा. दिवसातून सहा तास तरी थेट ऊन मिळत नसेल अशा जागी गड्ड्यांची आशा न धरता पातीसाठीच लसूण लावणे शहाणपणाचे.

बेणे किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंटीमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरमध्ये साधारण ६५ पाकळ्या बसतात, म्हणजे तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद वाफ्याला सुमारे २०० लागतात. गड्ड्यातल्या सगळ्या पाकळ्या लावायच्या नसतात. बाहेरच्या वेढ्यातल्या ठसठशीत पाकळ्याच घ्यायच्या असल्याने एका गड्ड्यातून दहा-बारा मिळतात असे धरून १८ ते २० चांगले गड्डे आणावेत. असा वाफा बरा साधला तर तीन किलोपर्यंत लसूण देतो. गच्चीवर लावायचे असेल तर २० ते २५ सेंटीमीटर खोलीचा, तळाला भोके असलेला क्रेट पुरतो. भाजीच्या मध्यम क्रेटमध्ये डझनभर रोपे बसतात, त्याहून जास्त कोंबू नयेत.

पाकळी टोकताना

गड्डे लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या संध्याकाळी फोडावेत, कारण सुट्या पाकळ्या लवकर सुकतात. फोडताना पाकळीचा पापुद्रा निघू देऊ नये आणि तिच्या बुडाची चकती तुटू देऊ नये, कारण मुळे तिथूनच फुटतात. डाग पडलेल्या, पोकळ लागणाऱ्या किंवा हिरवा-निळा बुरा आलेल्या पाकळ्या बाजूला काढाव्यात. निवडलेल्या पाकळ्या ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीच्या पाण्यात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवल्या की बुरशीची धास्ती बरीच कमी होते.

वाफा आदल्या दिवशी भिजवून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर, लावणी करावी. पाकळीचे टोक वर आणि बूड खाली राहील अशी ती उभी धरून साधारण दोन-तीन सेंटीमीटर खोल टोकावी आणि वर बारीक मातीचा पातळ थर द्यावा. उलटी किंवा आडवी पडलेली पाकळीही उगवते, परंतु तिचा कोंब वळसा घेऊन वर येतो, मान वाकडी होते आणि गड्डा एका अंगाला फुगतो; म्हणूनच फोकून लावण्यापेक्षा हाताने टोकणे घरच्या बागेत केव्हाही बरे. लगेच हलके पाणी द्यावे आणि तीन-चार दिवसांनी आंबवणीचे पाणी द्यावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसू लागतात. पंधरा दिवसांनीही जिथे काही दिसत नाही तिथे उकरून पाहावे आणि राखून ठेवलेली पाकळी त्या जागी लावावी.

पाणी, खत आणि तण

लसणाची मुळे वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे एकदम भरपूर पाणी देऊन मग विसरून जाणे या पिकाला मानवत नाही. थंडीत आठ-दहा दिवसांनी, हलक्या जमिनीत किंवा क्रेटमध्ये तीन-चार दिवसांनी, माती बोटभर खोल कोरडी लागली की पाणी द्यावे. गड्डा भरत असताना, म्हणजे जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, ताण पडू देऊ नये. आधी ताण आणि मग भरपूर पाणी अशा हेलकाव्यानेच गड्डे फुटतात.

खताबाबत हात कोठे आखडायचा हे कळणे महत्त्वाचे. लावणीनंतर महिन्याभराने आणि मग पंधरा दिवसांनी असे दोन वेळा गांडूळखत किंवा जीवामृत द्यावे, चुलीची राख असल्यास ओळींमध्ये थोडी भुरभुरावी आणि साठ दिवसांनंतर नत्र देणारे काहीही घालू नये. उशिरा मिळालेल्या नत्राने रोप पुन्हा पात काढू लागते, पाकळ्यांना आतल्या आत फुटवे येतात, गड्डा मऊ व रबरासारखा राहतो आणि साठवणीत टिकत नाही. पात जरा पिवळसर दिसली की युरिया टाकण्याची जी घाई होते तिने घरच्या लसणाचे जितके नुकसान होते तितके किडींनीही होत नसेल.

सरळ उभ्या, अरुंद पातीची सावली पडत नसल्याने तणाला रान मोकळे मिळते. पहिल्या दोन महिन्यांत दोन-तीन खुरपण्या कराव्यात, पण खुरपे वरवर चालवावे. गड्डा भरू लागल्यावर तण हाताने उपटावे. ओळींमध्ये उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा अंथरल्यास तणही दबते आणि ओलही टिकते.

कीड-रोगांपैकी फुलकिडे आणि करपा ही दोन नावे लक्षात ठेवली तरी घरापुरते भागते. पातीवर चंदेरी-पांढुरके ओरखडे दिसू लागले की पानाच्या बेचक्यात पाहावे. तिथे पिवळसर, हलणारे बारीक किडे सापडतात. वाफ्यात निळे चिकट सापळे लावावेत आणि पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने बेचक्यात पोहोचेल असा फवारावा. ढगाळ, दमट हवेत पातीवर जांभळट लांबट चट्टे पडतात तो जांभळा करपा. लागलेली पाने काढून बागेबाहेर टाकावीत, संध्याकाळी वरून पाणी मारणे बंद करावे आणि रोपांत हवा खेळती ठेवावी. दाट लावणीचा मोह इथेच अंगाशी येतो.

काढणीचा दिवस

लसूण तयार झाला की नाही हे पात सांगते, आणि तिथे जातीचे दिवस पुन्हा उपयोगी पडतात. १५ ऑक्टोबरला लावलेली श्वेता फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात तयार होऊ लागते, गोदावरी मार्चच्या पहिल्या आठवड्यात. भीमा पर्पल याआधीही तयार होऊ शकते. म्हणून लावणीची तारीख आणि जातीचे नाव लिहिलेली पाटी वाफ्यात रोवून ठेवावी. अंदाजे दिवस भरत आले की पंधरा दिवस आधी पाणी तोडावे.

खालची पाने वाळली, वरची चार-पाच पाने टोकाकडून पिवळी पडत चालली आणि मान मऊ होऊन काही रोपे कलली, की एक रोप काढून पाहावे. गड्डा आडवा कापल्यावर पाकळ्या एकमेकींपासून वेगळ्या, भरलेल्या दिसल्या आणि बाहेरचा पापुद्रा पातळ पण अखंड असला, तर तो वाफा तयार आहे. पाकळ्या अजून एकसंध दिसत असतील तर आठवडाभर थांबावे. गड्ड्यावरचे पापुद्रे म्हणजे पानांचीच बुडे असतात, त्यामुळे सगळी पाने वाळून कडकडीत होईपर्यंत थांबल्यास पापुद्रे कुजतात, पाकळ्या उघड्या पडतात आणि गड्डा हातात घेताच विस्कटतो. चार दिवस लवकर काढलेला लसूण थोडा हलका भरेल, पण टिकेल. आठ दिवस उशिरा काढलेला बेण्याच्याही कामाचा राहत नाही.

रोपे नुसती ओढून उपटू नयेत, मान तुटून गड्डा मातीत राहतो. ओळीच्या बाजूने खुरपे किंवा लहान कुदळ तिरकी घालून माती सैल करावी आणि मग पातीसकट रोप उचलावे. माती हाताने अलगद झाडावी. गड्डे धुऊ नयेत आणि एकमेकांवर आपटूही नयेत, कारण आपटलेल्या जागी पुढे काळा डाग पडून सड सुरू होते.

सुकवणे, बांधणे आणि पुढचे बेणे

काढलेला लसूण पहिले दोन-तीन दिवस वाफ्यातच पसरावा, तोही एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल असा, म्हणजे मार्चचे ऊन थेट गड्ड्यांना लागत नाही. अवकाळी पावसाची चिन्हे दिसली तर वेळ न दवडता सगळा माल पडवीत आणावा. त्यानंतर हवेशीर सावलीत दहा ते पंधरा दिवस सुकू द्यावा. मान दाबल्यावर ओलावा न जाणवता कागदासारखी लागली की सुकवण पुरी झाली.

वेणी घालायची असल्यास पात पूर्ण कडकडीत होण्याआधी, अजून वळते आहे तोवर, घालावी. तीन रोपांपासून सुरुवात करून प्रत्येक पेडात एकेक रोप वाढवत १५-२० गड्ड्यांची वेणी होते आणि शेवटी सुतळीने बांधून ती टांगता येते. ज्यांना वेणी जमत नाही त्यांनी जुड्या बांधाव्यात, किंवा मान बोटाच्या एका पेराएवढी ठेवून पात कापावी, मुळे छाटावीत आणि जाळीच्या पिशवीत गड्डे भरावेत. प्लास्टिकच्या पिशवीत लसूण घामेजतो. फ्रिजही टाळावा, कारण तिथल्या थंडीने कोंब फुटतात. लावणीआधी जी थंडी आपण मुद्दाम देतो तीच खाण्याच्या लसणाला घातक ठरते. पूर्वी स्वयंपाकघरात चुलीवरच्या आढ्याला लसणाच्या जुड्या टांगत, त्यामागे धुराची कोरडी ऊब होती. आता गॅसच्या ओट्यावर वाफ असते, तेव्हा जुडी माजघरात किंवा जिन्याखाली, वारा लागेल अशा ठिकाणी टांगावी.

बेणे काढणीच्याच दिवशी निवडून वेगळे करावे, कारण स्वयंपाकघरात गेलेल्या लसणातले मोठे गड्डे आधी संपतात आणि ऑक्टोबरात लावायला उरतात ते बारके. रोग न लागलेल्या, वेळेवर पिकलेल्या, घट्ट गड्ड्यांपैकी वीस-पंचवीस घेऊन जातीच्या नावाच्या चिठ्ठीसह वेगळे टांगावेत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाचपून हलके झालेले किंवा बुरा धरलेले काढून टाकावेत. असे चार-पाच वर्षे केल्यावर तोच लसूण आपल्या जागेला अधिकाधिक सरावतो, असा माझा अनुभव आहे. मात्र विषाणूही बेण्याबरोबर पुढे जातात, म्हणून पातीवर पिवळ्या रेघा उमटलेली रोपे बेण्यासाठी कधीच ठेवू नयेत, आणि गड्डे वर्षागणिक लहान होत चालले तर नवे बेणे आणावे.

गड्ड्याच्या आतल्या ज्या बारीक पाकळ्या लावणीच्या वेळी बाजूला पडतात, त्या टाकून न देता एका पसरट कुंडीत दोन-दोन बोटांवर दाटीने टोकाव्यात. महिन्या-दीड महिन्यात वीतभर पात येते. ती बुडापासून दोन बोटे वर कापली तर एकदा पुन्हा फुटते, आणि थालीपिठात घालायला किंवा हिरवी मिरची व दाण्याच्या कुटाबरोबर पाट्यावर वाटायला ओला लसूण हाताशी राहतो.